इंजिन बदललं, पण हवा कुठून येते?

पेट्रोल भरताना पंपावरच्या आकड्याकडे तुमची नजर असते ना? माझीही असते. पण गाडी पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त आणखी एक गोष्ट खाते आणि ती फुकट मिळते म्हणून तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ती म्हणजे हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्यासाठी जवळपास ११ किलो हवा. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना? तशा नऊ टाक्या भरतील एवढी हवा, एका लिटर पेट्रोलमागे!

हा हिशोब मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. मी बडोद्यात इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आता घरी बसून वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. इंजिनाशी माझी ओळख झाली ती आईच्या व्हॅनमुळे. तुमच्या घरात जुनी गाडी असेल, तिचं इंजिन बदलायचा विचार चालला असेल किंवा गाडीत बसल्यावर कुणाचं डोकं दुखत असेल, तर ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

आईची व्हॅन

आई डब्यांचा व्यवसाय करते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरून रोज साठ डबे निघतात. थोडे रावपुऱ्यात, थोडे अलकापुरीत आणि बाकीचे मकरपुऱ्याच्या कारखान्यांत. महिन्यातून एक-दोनदा पावागडाला माचीपर्यंत जेवणाची ऑर्डर असते. हे सगळं ती जुन्या मारुती ओम्नीतून पोचवते. गाडी तीच चालवते. बाबांनी आयुष्यभर स्कूटर चालवली, व्हॅनच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही.

ओम्नी १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. छोटं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आणि तेही पुढच्या सीटच्या खाली. सीट उचलली की इंजिन समोर! आमची गाडी कार्बोरेटरच्या काळातली. एवढी वर्षं राबल्यावर तिचं इंजिन ऑइल प्यायला लागलं, मागून निळसर धूर यायला लागला. त्यात गाडीचा काही दोष नव्हता, तिनं तिचं काम केव्हाच पूर्ण केलं होतं.

दुसरी गाडी घेणं परवडणारं नव्हतं. मग एका अपघातग्रस्त ओम्नीचं एमपीएफआय इंजिन मिळालं. कार्बोरेटरच्या गाडीत ते बसवायचं तर नुसतं इंजिन उचलून ठेवून चालत नाही. त्याच्याबरोबर ईसीयू म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्याचं वायरिंग, दाबानं पेट्रोल पाठवणारा पंप, असं सगळं यावं लागतं.

कागदपत्रांचंही सांगून ठेवते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. आम्ही आधी मंजुरी घेतली, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतला आणि विमा कंपनीलाही कळवलं. ही पायरी गाळून पैसे वाचवू नका. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा इथेच अडकतो.

दोन तक्रारी

इंजिन बसलं, गाडी सुरू झाली, धूर थांबला. पहिला आठवडा पेढे वाटावेत असा गेला. मग आईच्या दोन तक्रारी सुरू झाल्या.

पहिली म्हणजे गाडी दुपारी ओढत नाही. सकाळी भाजी आणताना मस्त पळते, पण साडेबाराला डबे घेऊन पुलाच्या चढावर गेली की दम टाकते. दुसरी, दुपारची फेरी संपेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागतं आणि मळमळतं.

ज्या गॅरेजनं इंजिन बसवलं तिथे आम्ही तिघं गेलो. तक्रार आई सांगत होती आणि गॅरेजवाला उत्तरं बाबांना देत होता. "गाडी जुनी आहे साहेब, एवढं चालायचंच." डोकेदुखीबद्दल म्हणाला, "उन्हाचा त्रास असेल, गाडीत एसी नाही ना." घरीही फार वेगळं नव्हतं. नातेवाइकांनी वय काढलं. एक मावशी म्हणाली, आता ड्रायव्हर ठेव. डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब ठीक, डोळे ठीक, रक्ताचा रिपोर्ट ठीक.

आईचं म्हणणं एकच होतं, "सकाळी साडेसातला हीच गाडी पळते. साडेबारापर्यंत काय तिचं वय वाढतं?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातच उत्तर होतं. इंजिन खरंच कमजोर असतं तर ते सकाळीही कमजोर असतं. सकाळ आणि दुपार यांत काय बदलतं, एवढंच शोधायचं होतं.

वहीची मागची पानं

आईकडे डब्यांच्या हिशोबाची वही असते. तिच्या मागच्या पानांवर तिनं रकाने आखले. वेळ, रस्ता, किती डबे, वाहतूक मोकळी की तुंबलेली, गाडीची ओढ कशी आणि डोकं दुखलं का. पंधरा दिवस तिनं न चुकता लिहिलं. मी रोज रात्री ते मोबाइलवर उतरवत होते.

पंधरा दिवसांनी चित्र स्पष्ट दिसलं. वजन जास्त असलं तरी सकाळी गाडी ओढत होती. दुपारीसुद्धा मोकळ्या रस्त्यावर बरी चालायची. सिग्नलला थांबत-थांबत वीस मिनिटं गेली की बिघडायची. डोकेदुखीही त्याच दिवशी, ज्या दिवशी गाडी जास्त वेळ उभी राहिली. रविवारी गाडी बंद, त्या दिवशी आईचं डोकंही शांत.

ही वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो. गुजराती गृहस्थ, पन्नाशीच्या पुढचे. बाबांनी सवयीनं बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि आईकडे वळून म्हणाले, "बेन, तमे बोलो, हुं सांभळुं छुं." तुम्ही बोला, मी ऐकतोय. आई बोलली. त्यांनी वही वाचली, सीट उचलली आणि दोन मिनिटांत म्हणाले, "इंजिन चांगलं आहे. त्याला श्वास कुठून घ्यायला लावलाय ते बघा."

सीटखाली काय होतं?

इंजिनात जाणारी हवा आधी एअर फिल्टरमधून जाते. कंपनीच्या गाडीत हा फिल्टर बंद डब्यात असतो आणि त्या डब्याचं तोंड अशा ठिकाणी असतं जिथे बाहेरची थंड हवा मिळेल. आमच्या गाडीचा जुना डबा कार्बोरेटरसाठी बनवलेला, तो नव्या इंजिनाला बसेना. दुसऱ्या ओम्नीचा डबा अपघातात फुटलेला. मग गॅरेजवाल्यानं सोपा मार्ग काढला. बाजारात शंकूसारखा उघडा फिल्टर मिळतो, तो आखूड पाइपला लावून थेट इंजिनाशेजारी बसवून दिला. मोटारसायकलवाल्या पोरांना असा फिल्टर आवडतो, हवा ओढताना 'सूंऽऽ' असा आवाज येतो म्हणून. आई म्हणाली, "मला डबे पोचवायचेत, शर्यत नाही लावायची."

आता बघा, सीटखालच्या बंद कप्प्यात इंजिन तापलेलं, बाजूला एक्झॉस्टचा पाइप तापलेला आणि फिल्टर नेमका तीच तापलेली हवा ओढतोय. गाडी चालू असते तेव्हा वारा खेळतो, थांबली की कप्प्याची भट्टी होते.

किती तापते हवा? काकांनी मोजायला सांगितलं. आमच्याकडे पाकाचं तापमान बघायचा वायरवाला डिजिटल थर्मामीटर आहे. त्यांनी त्याचं टोक फिल्टरजवळ, पट्ट्यापासून आणि फिरत्या भागांपासून लांब, पक्कं बांधून दिलं. मी शेजारच्या सीटवर बसून आकडे लिहिले. सकाळी ३४ अंश. दुपारी बाहेर ४१ आणि तुंबलेल्या वाहतुकीत फिल्टरपाशी ६८!

हवा तापली की पसरते. तेवढ्याच जागेत हवा कमी मावते, म्हणजे प्राणवायूही कमी. ३४ अंशांच्या तुलनेत ६८ अंशांच्या हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरते. मोठ्या इंजिनाला दहा टक्के जाणवणारही नाहीत. पण ७९६ सीसीच्या जिवाला साठ डब्यांसह पूल चढताना ते नक्की जाणवतात. शिवाय गरम हवेनं इंजिन ठोके देण्याची, म्हणजे नॉकिंगची शक्यताही वाढते.

एवढ्यानं ओढीचा उलगडा झाला. डोकेदुखीचं कारण त्याच कप्प्यात, पण वेगळ्या नळीत होतं.

इंजिन चालताना पिस्टनच्या कडेनं थोडे वायू खालच्या ऑइलच्या भागात उतरतात. त्यांत न जळलेलं पेट्रोल आणि ऑइलची वाफ असते. हे वायू बाहेर काढायला एक ब्रीदर पाइप असतो. १९६० च्या दशकापासून गाड्यांमध्ये हे वायू बाहेर न सोडता पुन्हा इंजिनाच्या हवेत मिसळून जाळून टाकायची पद्धत रूढ झाली. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याला म्हणूनच त्या नळीसाठी वेगळी जागा असते. आमच्या गाडीतून डबाच गेला, तेव्हा नळी जोडायची कुठे? ती तशीच मोकळी सोडलेली होती. सीटच्या बरोबर खाली. वर इंजिनाच्या झाकणाचं रबर चिरलेलं. गाडी थांबली की ती वाफ सरळ आत येत होती, रोज दुपारी दोन तास, आईच्या नाकाखाली.

हे ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला एवढंच म्हणाले, "तू सांगत होतीस." माझ्या मते त्या दिवसाची खरी दुरुस्ती ती होती.

दुरुस्ती कशी झाली?

काकांनी आधी एक्झॉस्टचे जोड तपासले. कारण सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिवावर बेततो. तिथे गळती नव्हती. मग त्यांनी एका वाक्यात सगळं काम सांगितलं, "हवा थंड हवी, स्वच्छ हवी आणि कोरडी हवी."

थंड हवेसाठी भंगार बाजारातून एमपीएफआय ओम्नीचा मूळ फिल्टरचा डबा आणला. तो एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला पट्टी ठोकून बसवला आणि त्याचं तोंड इंजिनाच्या कप्प्याबाहेर काढलं, रेडिएटरच्या गरम झोतापासून दूर. एक्झॉस्ट आणि हवेचा पाइप यांच्या मध्ये पत्र्याचा आडोसा दिला. गॅरेजमधला एक पोरगा नळकामाचा पीव्हीसी पाइप वापरू म्हणाला. काकांनी नाही सांगितलं. तो पाइप उष्णतेनं मऊ पडतो. त्यांनी गाडीसाठीचाच रबरी पाइप घेतला, थ्रॉटलच्या तोंडापेक्षा अरुंद नाही, आणि वळणं जेवढी कमी तेवढी चांगली.

स्वच्छ हवेसाठी नवा कागदी फिल्टर आणि प्रत्येक जोडाला पक्की होज क्लिप. फिल्टरच्या पुढच्या पाइपला बारीक चीर जरी असली तरी धूळ थेट इंजिनात जाते आणि रिंगा घासून टाकते. याची परीक्षा आईला फार आवडली. पाचशे किलोमीटरनंतर गाडी बंद असताना पाइप काढायचा आणि आतून पांढरं मलमलचं फडकं फिरवायचं. फडकं पांढरंच राहिलं तर जोड पक्के, मातकट झालं तर कुठेतरी हवा चोरून आत येते आहे.

कोरड्या हवेचं महत्त्व बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आम्ही बघितलं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या पाइपातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाइपचं तोंड जमेल तेवढं उंच आणि चाकाचं पाणी उडणार नाही अशा जागी ठेवलं. डब्याच्या तळाला पाणी निथळायचं छोटं भोक होतं, ते साफ केलं.

शेवटी ब्रीदरची नळी डब्याला तिच्या मूळ जागी जोडली आणि सीटखालच्या झाकणाला नवं रबर बसवलं. सगळा खर्च मजुरीसकट २,८५० रुपये. इंजिन बदलायला जे पैसे गेले त्यांच्या मानानं हे काहीच नव्हतं.

फरक काय पडला?

पुन्हा थर्मामीटर लावला. बाहेर ४१ असताना तशाच वाहतुकीत आता ४६ अंश. म्हणजे आधीच्या दुपारपेक्षा सुमारे सात टक्के जास्त हवा. पूल आता तिसऱ्या गिअरवर चढतो, आधी दुसरा टाकावा लागायचा. माचीच्या घाटात आईला मध्ये थांबावं लागलं नाही.

मायलेज मात्र वाढलं नाही, वहीत आकडा जवळपास तोच आहे. ते बरोबरही आहे. एमपीएफआय इंजिनात सेन्सर हवेचा अंदाज देतात आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त, आणि मिळते ती ताकद. 'थंड हवेचा पाइप लावा, मायलेज वाढवा' असं कुणी सांगितलं तर लगेच पैसे काढू नका. फार थंडीतल्या जुन्या कार्बोरेटर गाड्यांना तर उलट गरम हवा लागायची. म्हणून अनेक गाड्यांच्या फिल्टरवर उन्हाळा-हिवाळा असा बदल करायची सोय असे.

आणि आईचं डोकं? दुरुस्तीनंतरच्या महिन्यात वहीच्या त्या रकान्यात दोनच खुणा आहेत. त्यातली एक आमच्या घरी पाहुणे आले त्या दिवशीची, तिचा दोष व्हॅनला देता येत नाही!

तुमच्या गाडीसाठी

इंजिन बदलून घेणार असाल तर मेकॅनिकला आधीच तीन प्रश्न विचारा. एअर फिल्टरचा मूळ डबा बसणार आहे का? हवेचं तोंड कुठे उघडणार? ब्रीदरची नळी कुठे जोडणार? उत्तर "बघू नंतर" असं आलं तर काम तिथेच थांबवा. हा डबा दिसायला साधा प्लास्टिकचा असतो, म्हणूनच तो सगळ्यात आधी गाळला जातो.

गाडी ठरावीक वेळी किंवा ठरावीक रस्त्यावरच त्रास देत असेल तर पंधरा दिवस लिहून ठेवा. 'कधीकधी होतं' या वाक्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. वेळ, रस्ता, वजन आणि ऊन लिहिलं की चांगला मेकॅनिक निम्मं काम तिथेच करतो.

गाडीत बसल्यावर डोकं दुखत असेल, मळमळत असेल, पेट्रोलचा किंवा ऑइलचा वास येत असेल, तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि त्याच दिवशी तपासून घ्या. वास येत नसला तरी एक्झॉस्टची गळती तपासायला सांगा. डॉक्टरांकडे जालच, पण त्यांनाही सांगा की हा त्रास गाडीतच होतो. पावसात पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि उघडून बघू द्या.

आणि गाडी रोज जो चालवतो किंवा जी चालवते, तिला बोलू द्या. सीटवर रोज चार तास बसणाऱ्या माणसाला कप्प्यातली नळी दिसत नसेल, पण काहीतरी बदललंय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. तुमच्या घरात ती व्यक्ती कोण आहे? आज जेवताना तिला विचारा, "गाडी कशी चालली आहे?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.